अर्धा तास कोणाच्या खात्यात?

गेल्या श्रावणात आमच्या कारखान्यातले एक मागवाले मामा दुपारच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी आले आणि घडी घातलेला कागद त्यांनी आत सरकवला. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. खिडकीतून कागद आला की उचलीचा अर्ज असणार, हे मी न उघडताच धरून चालतो. पण हा डॉक्टरांचा कागद होता. दोन गोळ्यांची नावं आणि त्याखाली मराठीत, खाली रेघ ओढून : रोज ३० मिनिटे चालणे.

“साहेब, तुम्हालाबी असंच लिहून दिलं होतं म्हणं.”

दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून मी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारतो हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. काही जण त्यावरून हसतातही.

“मग मला एवढं सांगा. मी बारा तास मागांमधनं येरझाऱ्या घालतो. धागा तुटला की पळ, कांडी संपली की पळ. घरी गेल्यावर पोटऱ्यांत पेटके येतात. आणि डॉक्टर म्हणतात, चाला. मी काय बसून माग चालवतो व्हय?”

(पाळी किती तासांची असावी हे कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत आहे. मी खरी पाळी सांगतोय.)

आम्ही दोघंही हसलो, भोंगा झाला, मामा आत गेले. उत्तर काही मला देता आलं नाही. नंतर कित्येक दिवस ते मनात घोळत राहिलं, कारण प्रश्न अगदी रास्त होता. निम्मं सोलापूर अंगमेहनतीवर जगतं. माग, विडी, हमाली, गवंडीकाम, धुणीभांडी. अंग हलवल्यानं मन हलकं होत असेल, तर या गावात उदास माणूस औषधालाही सापडायला नको होता.

मामांचा आजार त्यांच्या शब्दांत सांगायचा तर ‘जीव घाबरतो’. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड, तळहाताला घाम. दोन ठिकाणी ईसीजी काढून झाला, हृदय ठणठणीत निघालं. मग कुणी बाहेरचं म्हणालं, कुणी पित्त म्हणालं, आणि वर्षभरानं पुतण्यानं त्यांना मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. ‘डिप्रेशन’ आणि ‘अँग्झायटी’ हे आमच्याकडे अजून कॉलेजातल्या पोरांचे शब्द आहेत. बाकीच्यांचं मन लागत नाही, डोक्याला ताप होतो, टेन्शन येतं. शब्द रोजचे असले की आजारही रोजचा वाटतो आणि रोजच्या गोष्टीसाठी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात साधारण १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. नैराश्य-चिंतेसारखे नेहमीचे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगतो. कारण विचाराल तर मोठं काही घडलं नव्हतं. एका मार्चअखेरीला ताळेबंद जुळेना. तसं दरवर्षीच होतं, पण त्या वर्षी एकच ओळ चार-चार वेळा वाचूनही डोक्यात शिरेना. कडक भाकरी आणि शेंगा चटणी ही माझी जन्माची आवड, ती पुठ्ठ्यासारखी लागायला लागली. बायकोनं ओळखलं, मी नाही. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गेलो आणि घरी येऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी तेवढंही झालं नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात टपरी ओलांडली. तिसऱ्या महिन्यात एकदा तलावाच्या काठी ओल्या मातीचा वास आला आणि लक्षात आलं, की कित्येक दिवसांत आपल्याला कसलाच वास आला नव्हता. यात गोळीचा वाटा किती आणि चालण्याचा किती, ते मला सांगता येत नाही. दोन नोंदी एकाच ओळीत पडल्यात. हिशेबनिसाला याचा त्रास होतो, पण तसं आहे खरं.

म्हणून दुसऱ्यांनी वेगवेगळ्या ओळींत मांडलेले हिशेब शोधले. १९९९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट केले होते. एका गटाला सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. गोळीवाल्यांना उतार लवकर पडला एवढाच फरक. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा, जे बरे झाले होते त्यांच्यापैकी नुसत्या व्यायामाच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. काहीच न दिलेला गट या प्रयोगात नव्हता, हे त्यातलं व्यंग. आपोआप किती जण सावरले असते ते त्यावरून कळत नाही.

त्यानंतर असे प्रयोग ढिगानं झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ चाचण्या आणि १४,१७० माणसं एकत्र मोजून निष्कर्ष मांडला गेला : चालणं किंवा हलकं पळणं, योग, वजनं उचलणं या सगळ्यांनी नैराश्य उतरतं आणि दम लागेल असं केलं तर जास्त उतरतं. त्याच लेखात लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की बहुतेक पुराव्यावरचा भरवसा कमी प्रतीचा आहे. ते साहजिक आहे. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देऊन माणसाला अंधारात ठेवता येतं. साखरेचं चालणं कुठून आणणार? जो चालतो त्याला आपण चालतोय हे कळतंच, आणि आता बरं वाटणार अशी आशा त्याबरोबर येतेच. तरी माझं मत असं, की आशेचा वाटा वजा केला तरी शिल्लक उरते.

आजार होण्याआधीचंही एक गणित आहे. २०२२ साली १५ दीर्घकालीन अभ्यासांतल्या १,९१,१३० लोकांची आकडेवारी एकत्र केली गेली. आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याएवढी हालचाल करणाऱ्यांना अजिबात न करणाऱ्यांपेक्षा नैराश्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी, आणि त्याच्या निम्मी करणाऱ्यांनाही १८ टक्क्यांनी कमी. पहिल्या निम्म्यातच बहुतेक लाभ पदरात पडतो, यातलं मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मॅरेथॉनवाल्यांनी आपले मेडल जरूर मिरवावेत, पण कट्ट्यावरून उठून कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्याची कमाई त्यांच्याहून मोठी आहे. अर्थात ज्याचं मन ताळ्यावर आहे तोच जास्त चालतो, असाही याचा अर्थ काही अंशी लागतो.

हे होतं कसं, यावर व्हॉट्सॲपवर एकच उत्तर फिरतं : एंडॉर्फिन, ‘आनंदाचं रसायन’. एवढं सोपं ते नाही. मेंदूत पेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिनं, शरीरातला दाह, ताणाच्या संप्रेरकाचा चढउतार, झोप असे बरेच धागे संशोधक उसवताहेत आणि कुठला मुख्य यावर अजून एकमत नाही. चिंतेच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मला स्वच्छ पटते, कारण ती मामांच्या छातीत रोज घडते. जीव घाबरणाऱ्या माणसाला धडधडीचीच भीती बसलेली असते. धडधडलं की ‘आता गेलो’ असं वाटतं, त्या भीतीनं आणखी धडधडतं. जिना चढताना, भराभर चालताना तीच धडधड येते आणि चार मिनिटांत निवते. असं शंभरदा झालं की शरीर शिकतं, की छातीत धडधडणं म्हणजे मरण नव्हे. जर्मनीत १९९८ साली पॅनिकच्या, म्हणजे असा जीव घाबरण्याच्या आजाराच्या ४६ रुग्णांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. पळण्यानं खोट्या गोळीपेक्षा खूप फायदा झाला, पण क्लोमिप्रामिन या खऱ्या औषधानं त्याहून जास्त आणि लवकर झाला. हे दोन्ही एका दमात सांगायला हवं. ‘व्यायाम सुरू केला, आता गोळ्या सोडल्या’ हे वाक्य मी तलावाकाठी दोनदा ऐकलंय आणि त्यातल्या एकाला पुढे दवाखान्यात दाखल करावं लागलं. गोळी कमी करायची की बंद, ते लिहून देणाऱ्यानं ठरवायचं. फार अंधारून आलं, जगणं नको वाटायला लागलं, तर अशा वेळी चालायचा सल्ला कुणी देऊ नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलतो. तो लावून द्यावा आणि जवळ बसावं.

सल्ला देणाऱ्यांबद्दल एक तक्रार इथेच करून टाकतो. लग्नाच्या पंगतीत एक काका भेटतात. “काय बे, कसलं डिप्रेशन? पहाटे उठून चार चक्कर मार, आपोआप पळतंय.” काकांचा पुरावा बरोबर आहे, वृत्ती साफ चूक आहे. हा आजार माणसाची नेमकी उठण्याची ताकदच खातो. पाय मोडलेल्याला ‘पळ, म्हणजे पाय सुधारेल’ म्हणण्याची ही तऱ्हा. ज्यांना हे नीट जमलं त्यांनी ते वेगळ्या रीतीनं केलं. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ४९५ नैराश्यग्रस्तांबरोबर एक उपक्रम केला, २०१७ साली त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली साधी माणसं सहा ते आठ भेटींत रुग्णाशी बोलायची आणि कुठली छोटीशी गोष्ट पुन्हा सुरू करता येईल ते त्याच्याबरोबर ठरवायची. कुणाचं देवळापर्यंत जाणं, कुणाचं शेजारणीकडे बसणं. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांचा आजार ओसरला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्क्यांचा. तिथे कुणी कुणाला ‘चक्कर मार’ म्हटलं नव्हतं. माझी पानटपरी ही तशीच गोष्ट होती, फक्त ती मला योगायोगानं सापडली.

आता मामांचा प्रश्न.

२०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी हालचालीचे प्रकार वेगळे काढून पाहिले. फावल्या वेळात स्वतःहून केलेली हालचाल, जाण्यायेण्यासाठीची, घरकामाची, कामावरची आणि शाळेतल्या पीटीची. फावल्या वेळातल्या हालचालीचा संबंध चांगल्या मनःस्वास्थ्याशी दिसला. घरकामाचा आणि पीटीच्या तासाचा कशाशीच दिसला नाही. आणि कामावरच्या अंगमेहनतीचा संबंध उलट निघाला : ती जिथे जास्त, तिथे मानसिक त्रासही थोडा जास्त. आकडे लहान आहेत आणि याचा अर्थ मेहनतच माणसाला उदास करते असा होत नाही. जड कामं गरिबांच्या वाट्याला येतात, त्रास कदाचित गरिबीचा असेल. पण मामांना मी आता एवढं सांगू शकतो, की तुमच्या येरझाऱ्या डॉक्टरांच्या कागदावरच्या ओळीत बसत नाहीत.

गंमत अशी, की सरकारदरबारी त्या बसतात. जागतिक आरोग्य संघटना हालचाल मोजते तेव्हा काम, प्रवास, घरकाम, फावला वेळ सगळं एकाच बेरजेत घेते. त्या बेरजेनं २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ अपुरी हालचाल करणारे ठरले : बायकांत ५७ टक्के, पुरुषांत ४२. या कोष्टकात आमचे मामा ‘सक्रिय’ रकान्यात पडतात. हृदयाच्या, साखरेच्या हिशेबाला ते कदाचित चालेल. मनाच्या हिशेबाला चालत नाही. मागावरचं पाऊल धाग्याच्या मर्जीनं पडतं. कधी थांबायचं, किती वेगानं जायचं, कुणाशी बोलायचं हे मागाच्या खडखडाटात मामांच्या हातात नसतं. मजुरी मालावर, म्हणून थांबलं की तोटा. वर पत्रा, समोर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे. हे बारा तास झाल्यावर शरीर थकतं खरं, पण ते थकणं झोप आणणारं नसतं, तार ताणल्यासारखं असतं.

हा फरक सोलापूरकराला परदेशी प्रयोगांवरून समजून घ्यायची खरं तर गरज नाही. संक्रांतीला बघा. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, शहराभोवतीच्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते. ते उंच, अवजड ध्वज पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तोलून चालतात, आणि त्याचा सराव कितीतरी दिवस आधीपासून चालू असतो. आमच्याकडचा एक तरुण कामगार त्या सरावाला जातो. दिवसभर ताण्याचं बीम, म्हणजे धागे गुंडाळलेला जड रूळ, खांद्यावरून वाहिलेला पोरगा रात्री पुन्हा खांदा द्यायला निघतो. एकदा मी त्याला म्हटलं, “खांदा राहील का शिल्लक?” तो म्हणाला, “साहेब, बीमचा खांदा हा नव्हंच.” मला वाटलं चेष्टा करतोय. शर्टाची कॉलर बाजूला करून त्यानं दाखवलं. खांदा तोच होता, उजवा, घट्टा पडलेला. मग तोच हसला. बीम ही हमाली, ध्वज हा मान. बीमला घाई, ध्वजाला ताल. बीमजवळ दुसरा गडी असतो तो ओझ्यापुरता, ध्वजाजवळ पन्नास जण असतात. मनाला काय लागतं याची यादी याहून चांगली मला कुणी दिलेली नाही.

जुन्या गिरणगावाला हे कळलेलं होतं असं मला वाटतं. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या, आणि गिरणीच्या पाळ्यांबरोबर गल्लोगल्ली तालमी वाढल्या. पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावं आज रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उपयोगी पडतात. माझे आजोबा गिरणीत होते. आठ तास कापूस-धुळीत काढून ते तालमीत जायचे, आणि आजी म्हणायची, तिथनं आले की माणसासारखे बोलायचे. जुन्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. तालमीत बाईला जागा नव्हती, आणि आजी दिवसभर काय करून माणसासारखी बोलत होती हे कुणी विचारलंही नाही. पण कष्टकऱ्याला कष्टाखेरीज स्वतःचं म्हणून अंग हलवायला एक जागा हवी, हे त्या काळाला मान्य होतं. आज बऱ्याच तालमींची मंडळं झाली. लाल माती गेली, वाढदिवसाचे फलक आले. आणि व्यायाम महिना हजार-दीड हजार देणाऱ्यांचा झाला.

बायकांचं तर सांगूच नये. आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मांडीवर सूप, मान खाली, आणि हिशेब हजाराचा. त्यांना मी एकदा चालायला बोलावलं, बायको बरोबर होती. अक्का म्हणाल्या, “दादा, बाई उगंच रस्त्यानं फिरायला लागली की लोक म्हणतात, हिला काम नाही.” ‘उगंच’ हा शब्द मी घरी येऊन कितीदा तरी आठवला. अक्कांना कामासाठी कुठंही जायची मुभा आहे. कारखान्यात पाटी घेऊन जाताना त्यांना कुणी हटकत नाही. उगंच जायची मुभा नाही. आणि वर जे सगळे आकडे सांगितले त्यांचा लाभ नेमका या उगंच चालण्यातच आहे.

लोकलाजेचं एक वेळ सोडा. अक्का निघाल्या असं धरू. कधी निघतील? आपल्या नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशीची सकाळ किंवा रात्र घागरी-पिंपांत जाते, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी आदल्या दिवसाचं राहिलेलं उरकायचं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो, मग सूर्य उगवल्यावर तासाभरात रस्ता तापतो. फूटपाथ आहे तिथे गाड्या लावलेल्या, नाही तिथे नाहीच. अंधार पडल्यावर कुत्री. पार्क मैदानाच्या किंवा कंबर तलावाच्या जवळ राहणाऱ्याला सोलापूर चालण्यासारखं शहर वाटेल, मलाही वाटतं. पण पूर्व भागातल्या दोन खोल्यांतून किंवा विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतून तिथवर यायला रिक्षाचं भाडं पडतं. फुकटच्या चालण्याला भाडं देणारा वेडाच म्हणायचा.

म्हणून माझं म्हणणं आहे, की ‘रोज ३० मिनिटे चालणे’ ही ओळ फक्त रुग्णाच्या नावानं लिहून भागत नाही. गोळी लिहिली की ती दुकानात मिळेल एवढी व्यवस्था आपण केलेली आहे. चालणं लिहिलं की ते कुठं मिळेल, हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. माझ्या लेखी शहाणं शहर ते, जिथे पाळी सुटल्यावर बाई-माणूस घरापासून दहा मिनिटांत सावलीच्या, दिव्याच्या जागी पोचतं. त्यासाठी नवीन उद्यानं लागतात असंही नाही. महापालिकेच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी कुलूप लावून रिकामी असतात. ती उघडायला एक पहारेकरी आणि चार दिवे लागतील, आणि आठवड्यातले काही तास फक्त बायकांसाठी राखावे लागतील. मी आधी याच्या विरोधात होतो, अक्कांच्या ‘उगंच’नंतर नाही. दहा जणी एकत्र निघाल्या की ते उगंच राहत नाही, त्याला ‘ग्रुप’ म्हणतात आणि ग्रुपला कुणी नावं ठेवत नाही. इंग्लंडमध्ये २०२२ पासून सौम्य नैराश्यावर देशाच्या अधिकृत मार्गदर्शनातच गटानं व्यायाम हा एक उपचार म्हणून लिहिलेला आहे, आठवड्यातून एकाहून जास्त वेळा, दहा आठवडे. आपल्याकडे नागरी आरोग्य केंद्रं आहेत, आशाताई आहेत. गोव्याचा अनुभव बघता हे काम डॉक्टरांवाचून अडू नये. मात्र आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर फुकटात ठेवायचं असेल तर नका करू. एकीचं मन हलकं करायला दुसरीचं जड करण्यात अर्थ नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असतो : ज्याला करायचं असतं तो वेळ काढतोच. वेळ काढतो तो ज्याच्याकडे आहे तो. माझा पगार महिन्याचा आहे, सकाळी अर्धा तास उशीर झाला तर मालक घड्याळाकडे बघतात, एवढंच. मामांचा अर्धा तास कापडाच्या मीटरमध्ये मोजला जातो. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो : मजुरी वाढवा, पाळी आठ तासांची करा, नोकरीची शाश्वती द्या, मग कुणाला चालायला सांगायची गरज उरणार नाही, तोवर हे फिरण्याचं औषध म्हणजे दुखण्याच्या मुळावर फुंकर. यातलं पहिलं सगळं मला मान्य आहे. पण पगारदार, पेन्शनर, डॉक्टर यांनाही हा आजार होतो. मला झाला. आणि मजुरी वाढेपर्यंत मामांनी पहाटे तीनला छत बघत पडावं, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

तेव्हा जे माझ्या हातात होतं ते केलं. एका पानावर हिशेब मांडला. बारा तासांतला अर्धा तास म्हणजे शेकडा चार. माणशी महिन्याला तेरा तास. सगळे माग एकदम बंद करायचे नाहीत, दोघा-तिघांनी पाळीपाळीनं सुटायचं, तेवढ्या वेळाची मजुरी सरासरीनं धरायची. मागच्या अंगणात दोन कडुलिंब आहेत, तिथं ज्याला चालायचंय त्यानं चालावं, ज्याला बसायचंय त्यानं बसावं. शिट्टी वाजवून कवायत नको, पीटीच्या तासाचं काय होतं ते वर आलंच आहे. हजेरी, तुटणारे धागे, आजारपणाचे खाडे यांत किती परत मिळेल तो आकडा मी टाकला नाही, कारण तो माझ्याकडे नव्हता.

मालक माणूस वाईट नाही. त्यांनी पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “हे टाकायचं कुठल्या खात्यात?”

मी म्हटलं, “चहाचा खर्च टाकतो त्याच.”

ते हसले. म्हणाले, “दिवाळीनंतर बघू.”

मामा आता सुट्टीच्या दिवशी नातवाला घेऊन कंबर तलावावर जातात. गोळ्या चालू आहेत, पहाटेची जाग तीनवरून साडेचारवर आलीय. पेटके येतात का विचारलं, तर म्हणाले, येतात की. नातू पळवतो.

दिवाळी होऊन गेली. माझं पान मालकांच्या टेबलावर काचेखाली, कॅलेंडरच्या शेजारी आहे.